सत्तेचाळिसावा खण

१

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अध्यक्षांनी सत्तेचाळिसाव्या खणातलं पहिलं कार्ड बोटाने पुढे ओढलं, चष्मा नाकावर सरकवला, मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

कार्ड कोरं होतं.

त्यांनी दुसरं पाहिलं. तेही कोरं. मग तिसरं, मग मधलं, मग एकदम शेवटचं. सगळा खण एखाद्या आळशी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेसारखा स्वच्छ होता.

ही कचेरी एका कोशाची होती. साधा शब्दकोश नव्हे, अर्थांचा कोश. एका अर्थाचे सगळे शब्द एका जागी. राग म्हणजे एक खण, झोप म्हणजे एक खण, असे शहाण्णव खण एका भिंतभर लाकडी कपाटात होते. प्रत्येक शब्दाला एक कार्ड आणि कार्डं हलू नयेत म्हणून प्रत्येक खणात कार्डांच्या खालच्या भोकांतून ओवलेली एक सळई. बाकीचे पंच्याण्णव खण टाइप होऊन छापखान्यात पोचले होते. राहिला होता सत्तेचाळिसावा, हुशारी आणि कसब. चतुर, चलाख, धूर्त, धोरणी, बेरकी, बिलंदर, असे तीनशे शब्द. मुख्य संपादक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, त्यांनी तो अकरा वर्षं स्वतःच्या हाताने लिहिला होता. नक्कल कुठेही नव्हती, कारण गुरुजी त्याला कुणाचं बोट लागू देत नसत.

आज पाच वाजता छोटा समारंभ होता. अध्यक्ष चार पाहुण्यांसमोर निवडक कार्डं वाचणार होते आणि मग खण छापखान्याच्या स्वाधीन होणार होता.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" अध्यक्षांनी विचारलं. कुणाकडे असते ते त्यांना पक्कं माहीत होतं.

सगळ्यांच्या माना किल्लीमावशीकडे वळल्या. किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती, गेली तीस वर्षं. तीन आठवड्यांनी ती निवृत्त होणार होती. शिक्षण सातवीपर्यंत, काम कपाट उघडणं, कपाट लावणं, कार्डांवरची धूळ झटकणं आणि कोऱ्या कार्डांचा साठा सांभाळणं. कार्ड वाचायचं नाही, हा तिचा नियम. तो तिला कुणी घालून दिलेला नव्हता. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये एवढीच त्यामागची भावना.

"काल संध्याकाळी पाचला मीच कुलूप लावलं," ती म्हणाली. "आज दहाला मीच काढलं. कुलपाला ओरखडाही नाही."

"म्हणजे तुम्हीच सांगताय, की तुमच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही."

"साहेब, मी—"

"पाच वाजेपर्यंत कार्डं मिळाली नाहीत, तर किल्ली या टेबलावर ठेवायची आणि जायचं. आणि का गेलात ते पत्रात लिहिलं जाईल."

मावशीने गुरुजींकडे पाहिलं. तीस वर्षांची ओळख. ते एक शब्द बोलतील असं तिला वाटलं होतं. गुरुजी मात्र हात खिशात घालून टेलिफोनच्या वायरीकडे असे बघत होते, की जणू त्या वायरीचा अर्थ त्यांना अजून लागलेला नाही.

२

अध्यक्ष गेले आणि विद्वानांनी तपास हाती घेतला. म्हणजे सगळे बसले.

उपसंपादकांनी कोरा कागद पुढे ओढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात संशयितांची यादी लिहायला घेतली. पाच जणांच्या कचेरीत त्यांना अकरा संशयित सापडले. त्यांत मागच्या वर्षी छत शाकारून गेलेला गवंडीसुद्धा होता.

"बनावट किल्ली," ते म्हणाले. "मेणात ठसा घेतलेला असणार. मेण कुणाकडे असतं? मोची. मोच्याला लिहितो बारावा."

"पण मी काय म्हणते," टंकलेखिका म्हणाली. ती पदराने वारा घेत होती. कचेरीत पंखा नव्हता, नुसता त्याचा हूक होता. "कार्डं चोरीला गेलीच नसतील तर? कुणीतरी गंमत म्हणून सगळा गठ्ठा उलटा लावला असेल. पाठ पुढे. आपण पाठच बघतोय!"

सगळे खणाकडे धावले. उपसंपादकांनी एक कार्ड मागून पाहिलं. मागूनही कोरं.

"ते उलटं लावताच येत नाही, पोरी," मावशी म्हणाली. "या खणाची सळई मधोमध नाही. बोटभर डावीकडे आहे. कार्ड फिरवलं तर भोक उजवीकडे जाईल, सळईत ओवलंच जाणार नाही."

हे तिला माहीत असायचं कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी कपाट हलवताना हा एक खण पडून फुटला होता. नवा तिनेच बसवला होता, दुसऱ्या कसल्याशा कामातून उरलेल्या फळीचा. फळीच्या ऐन मध्यावर लाकडाची गाठ आली, तिच्यातून भोक पडेना, म्हणून ते डावीकडे पाडावं लागलं. पंच्याण्णव खण सरळ आणि हा एक वाकडा. मावशीला त्याची अजून लाज वाटायची. कुणी पाहुणा आला की ती त्या खणासमोरच उभी राहायची.

"तक्रारअर्ज लिहायला हवा," गुरुजी म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

टंकलेखिकेच्या भुवया वर गेल्या. गुरुजी धोब्याची चिठ्ठीसुद्धा दुसऱ्याला लिहू देत नसत. पण ती बसली आणि तिचं यंत्र खडाखडा धावू लागलं. गुरुजी डाव्या हातात चहाचा कप धरून सांगत होते आणि अर्धा चहा बशीत सांडत होता. दुःखाने हात कापतोय बिचाऱ्यांचा, असं मावशीला वाटलं, आणि सकाळच्या गप्प राहण्याबद्दल तिने त्यांना अर्धी माफी देऊन टाकली.

अर्जातलं शेवटचं वाक्य ऐकून मात्र ती उभी राहिली.

"सदर कपाटाची किल्लीधारक व कचेरीचा बाइंडर हे नात्याने वहिनी-दीर आहेत," हे वाक्य उपसंपादकांनी सुचवलं होतं. "नुसती वस्तुस्थिती आहे, मावशी. मनाला लावून घेऊ नका."

३

मावशीचा दीर तळघरात बसायचा. कागद कापणं, कार्डांना भोकं पाडणं, पुस्तकं बांधणं हे त्याचं काम.

"वहिनी, मला कळलं," तो डिंकाचा ब्रश न थांबवता म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि संन्याशाच्या दिरालाही. तुम्हाला काय विचारायचंय ते विचारा."

मावशीने खणातलं एक कोरं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उजेडात धरलं, भोकातून एक डोळा लावून तिच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"हे माझ्या मशीनचं नाही. माझं भोक लांबट पडतं. हे गोल आहे. वरच्या टेबलावर तो चिमट्यासारखा पंच पडलेला असतो, त्याचं. एकेक कार्ड धरून दाबलेलं. बघा, कड फाटलीय."

"सत्तेचाळिसाव्याची भोकं नेहमी त्यानेच पाडतात ना?"

"अधूनमधून एखादं कार्ड असेल तर ठीक आहे. पण तीनशे?" तो हसला. "मला चोरी करायची असती तर मी मशीनची पट्टी बोटभर सरकवली असती आणि चहा निवायच्या आत तीनशे कार्डं भोकून मोकळा झालो असतो. हातानं तीनशे भोकं पाडणारा माणूस कामाचा नाही, वहिनी. तो विद्वान असला पाहिजे."

मावशीला हे पटलं. तिने विचारलं, "तुला त्या कार्डांवर राग होता का?"

ब्रश थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. आता तू सांगशील."

तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की गुरुजी प्रत्येक कार्डावर वर शब्द, मध्ये अर्थ आणि खाली स्वतःच्या समाधानासाठी एक उदाहरण लिहीत. ते छापायचं नव्हतं. आणि उदाहरणाला माणसं शोधायला गुरुजी कचेरीबाहेर जात नसत.

"मी एकदाच पाहिलं," दीर म्हणाला. "कसबी. उदाहरण : आमचा बाइंडर कसबी आहे; त्याने बांधलेले पुस्तक फाटत नाही, आणि वेळेवर मिळतही नाही."

मावशीने हसू दाबलं आणि जिना चढून टंकलेखिकेकडे गेली.

"गेली ती बरंच झालं!" टंकलेखिका म्हणाली, आणि तिचे दोन्ही अंगठे अंतर सोडायच्या लांब पट्टीवर ताडताड आपटत राहिले. "चलाख या शब्दाखाली काय लिहिलंय माहितेय? टंकलेखिकेला घड्याळाकडे न पाहता पाच वाजल्याचे कळते. दहा वाजल्याचे मात्र घड्याळ दाखवूनही कळत नाही. मावशी, मला दोन बस बदलाव्या लागतात!"

"काल चार ते पाच खण लांब टेबलावर होता, शेवटची तपासणी म्हणून. तू जवळ होतीस?"

"सगळेच होतो. मग चहा आला, तेव्हा सगळे गच्चीत. परत आलो तर खण फडकं घालून तयार होता. तुम्हीच नाही का उचललात?"

उपसंपादकांनी बराच वेळ ताकास तूर लागू दिली नाही. त्यांची यादी सतराव्या संशयितापर्यंत पोचली होती आणि लेखणी झरझर चालली होती. शेवटी ते हळूच म्हणाले, "दीडशहाणा. उपसंपादकाला एक प्रश्न विचारावा, तो दीड उत्तर देतो. त्यातले अर्धे बरोबर असते." त्यांचे कान लाल झाले. "मावशी, हे खरंय का हो?"

"कुठलं अर्धं म्हणता?" मावशीने विचारलं आणि ते आणखी लाल झाले.

म्हणजे राग सगळ्यांनाच होता. घड्याळात एक वाजला होता आणि चोराच्या ऐवजी तिच्याकडे तीन चिडलेली माणसं जमली होती.

४

डबा खायला ती साठ्याच्या कपाटापाशी बसली. तिथे तिला कुणी त्रास देत नसे, कारण तिथे कोऱ्या कार्डांशिवाय काही नव्हतं आणि कोऱ्या कार्डांत विद्वानांना रस नसतो.

ती विचार करत होती आपल्या हातांचा. काल खण उचलला तेव्हा वर फडकं होतं. नियमाप्रमाणे तिने आत पाहिलं नाही. पण खण रिकामा असता तर हातांना कळलं असतं. हात फसावेत म्हणूनच चोराने कोरी कार्डं भरली. म्हणजे कुलूप, किल्ली, मेण, मोची, सगळं खोटं. खण कुलपात जायच्या आधीच बदललेला होता. आणि तो बदललेला खण तिने स्वतःच्या हाताने कुलपात ठेवला होता!

तिचा घास हातातच राहिला. इतका साधा विचार वरच्या मजल्यावर कुणालाही सुचला नव्हता. सुचणार कसा? सकाळपासून सगळे एकच विचारत होते, की लिहिलेली कार्डं गेली कुठे. कोरी कार्डं आली कुठून, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मावशी उठली. कोरी कार्डं या गावात एकाच जागी होती. ती जागा तिच्या पाठीमागे होती आणि तिचा हिशेब तिच्याकडे होता.

सकाळी तिने खणातली कार्डं मोजली होती. बरोबर तीनशे. एका पुडक्यात तीनशेच येतात. म्हणजे एक अख्खं पुडकं गेलं असणार. कपाटाच्या दारावर तिने शनिवारी खडूने लिहिलेला आकडा होता, सात. तिने दार उघडलं. आता तिथे सहा पुडकी असायला हवी होती.

तिने बोट लावून मोजली. मग दुसरं बोट लावून मोजली.

सात होती.

"अगं बाई," मावशी मोठ्याने म्हणाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. सहा पुडक्यांची कागदी पट्टी कारखान्याच्या डिंकाने सरळ चिकटवलेली होती. तळातल्या सातव्याची वाकडी होती, आणि पुडकं जरा फुगलेलंही होतं. अकरा वर्षं हाताळलेली कार्डं थोडी फुगणारच.

तिने पट्टी सोडवली. आत दाट निळ्या शाईतलं ओळखीचं अक्षर दिसलं. तिने लगेच डोळे वर केले, नियम तो नियम, आणि पुडकं पुन्हा गुंडाळलं.

कार्डं सापडली होती. आता नुसतं जाऊन अध्यक्षांच्या पुढ्यात आपटलं की झालं. पण ते विचारतील, तुमच्याच कपाटात कशी सापडली? आणि त्याला उत्तर नव्हतं. चोराचं नाव हवं होतं.

ती पुन्हा खाली बसली. तीनशे भोकं, एकेक दाबून. कड फाटलेली, म्हणजे हात न सरावलेला. असल्या माणसाचा अंगठा आज कसा असेल? दिराने सकाळपासून डिंक लावलाय. टंकलेखिकेचे अंगठे पट्टीवर आपटतायत. उपसंपादक लेखणी सोडायला तयार नाहीत.

आणि कुणीतरी आज धोब्याची चिठ्ठीसुद्धा लिहू शकलं नसतं. डाव्या हाताने चहा पीत होतं.

मावशीला एकदम फार वाईट वाटलं. चोर सापडल्यावर आनंद होतो असं तिने ऐकलं होतं. ते खोटं होतं.

५

गुरुजी आपल्या खोलीत बसले होते. समोर चष्म्याची डबी होती आणि ती त्यांना उघडता येत नव्हती.

मावशीने दार लावलं, पुडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "अंगठा दाखवा."

गुरुजींनी पुडक्याकडे पाहिलं. मग उजवा हात खिशातून काढून तिच्यापुढे धरला. अंगठ्यावर रुपयाएवढा फोड होता. "हात दाखवून अवलक्षण," ते पुटपुटले.

"का केलंत?"

"सोमवारी निमंत्रण छापून आलं. अध्यक्ष स्वतः निवडक कार्डांचे वाचन करतील." गुरुजींनी घाम पुसला. "बाई, त्या खणात अध्यक्षांवर चौदा कार्डं आहेत. बेरकी, धूर्त, मतलबी. बिलंदर या शब्दाखाली काय आहे सांगू? संस्थेसाठी आलेला पंखा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात फिरतो, आणि घाम मात्र आम्ही पुसतो."

"हे ते वाचणार, पाहुण्यांसमोर," मावशी म्हणाली.

"मोठ्याने. माझी तर पाचावर धारण बसली. पुडकं घरी नेलं, तीन दिवस भोकं पाडली आणि काल तुम्ही सगळे गच्चीत गेलात तेव्हा गठ्ठा बदलला. म्हटलं, चोरी झाली की समारंभ पुढे जाईल. मग सावकाश नवी कार्डं लिहीन आणि जुनी सापडल्याचं दाखवीन."

"तीन दिवस भोकं पाडलीत, त्यापेक्षा त्या चौदा वाक्यांवर शाई का नाही सांडलीत?"

गुरुजींनी चष्म्याची डबी सरळ केली. "सुचलं नाही."

"आणि चोरीचा आळ किल्लीवालीवर येईल, हे?"

"तेही नाही सुचलं."

"हुशारीचे तीनशे शब्द पाठ आहेत तुम्हाला!" मावशीचा आवाज चढला. तिला रडू येत होतं आणि त्याचा आणखी राग येत होता. "सकाळी ते मला चोर म्हणाले, गुरुजी. तीस वर्षांत या कचेरीतून मी टाचणी घरी नेली नाही. आणि तुम्ही वायर बघत होतात!"

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस उभा राहिला. चष्मा नव्हता, म्हणून तो खुर्चीलाच अडखळला. "मी आत्ता जाऊन सगळं सांगतो. तुमच्यावर डाग राहता कामा नये."

"बसा," मावशी म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत, की ते कार्डं वाचणार. कार्डं वाचली, की कोश बंद. मग माझी तीन आठवड्यांची नोकरी राहील आणि बाकी सगळ्यांची जाईल. आणि तुमची अकरा वर्षं गेली ती गेलीच."

"मग काय करायचं?"

"छापायला काय जातं? शब्द आणि अर्थ?"

"हो."

"ते वर असतं. आणि उदाहरण खाली." मावशीने पुडक्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने ते उचललं. "किती वाजले?"

६

तळघरात कटिंग मशीन होतं. एका दांड्याने जाडजूड पुस्तकाची कड लोण्यासारखी कापणारं.

"खालून किती?" दिराने विचारलं.

"भोकासकट. उदाहरण संपूर्ण गेलं पाहिजे, अर्थाला धक्का लागता कामा नये. सगळी वाक्यं एकाच रेघेखाली आहेत ना, गुरुजी?"

"मी नेहमी रेघ आखूनच लिहितो," गुरुजी अभिमानाने म्हणाले, आणि आज अभिमानाची वेळ नाही हे आठवून गप्प झाले.

दिराने गठ्ठा ठोकून सरळ केला, पट्टी लावली आणि दांडा ओढला. खच्च. वर राहिले शब्द आणि अर्थ, नव्यासारखे नीटनेटके. खाली पडला पट्ट्यांचा ढीग, सगळ्या कचेरीची अब्रू त्यात.

मावशीने कार्डं मोजली. मग पुन्हा मोजली. तिचा चेहरा उतरला.

"दोनशे नव्याण्णव. एक कमी आहे."

साडेचार वाजले होते. वर खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. दिराने मशीनखाली पाहिलं. पुडक्याचा कागद झटकला. काही नाही.

गुरुजी खाकरले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात डावा हात घातला आणि एक कार्ड काढलं. "हे मी पुडक्यात ठेवलंच नव्हतं. बाकीची उंदरांनी खाल्ली असती तरी चाललं असतं."

"द्या इकडे, कापू," दीर म्हणाला.

"हे कापायचं नाही." गुरुजींनी ते छातीशी धरलं. इतक्या ठामपणे ते दिवसभरात काही बोलले नव्हते. "हे असंच जाईल."

"गुरुजी, त्यात कुणाबद्दल—"

"वाचून बघा हवं तर."

मावशीने मान फिरवली. "मी कार्ड वाचत नाही," ती म्हणाली. आणि गुरुजींनी ते स्वतःच्या हाताने गठ्ठ्याच्या मध्ये सरकवलं.

७

पाच वाजता अध्यक्ष टेबलामागे उभे राहिले. पुढे चार पाहुणे, मागे कचेरी. मावशीने गळ्यातला दोरा काढला, किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी दोरीने बांधलेला गठ्ठा ठेवला.

"तीनशे," ती म्हणाली. "मोजून घ्या."

अध्यक्षांनी गठ्ठा उलटसुलट पाहिला. "ही कुठे होती?"

"खाली, कापायला. भोकं असलेली कार्डं छापखान्यात एकमेकांत अडकतात, म्हणून खालची कड काढून टाकली." पहिल्या वाक्यात तासाभराचं का होईना, खरं होतं. दुसऱ्याबद्दल छापखान्याला कुणी विचारायला जाणार नव्हतं. "खण रिकामा दिसू नये म्हणून कोरी भरलेली होती."

"मग हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"सकाळी मला कुणी विचारलं नाही, साहेब. सगळे मला सांगतच होते."

एक पाहुणा हसला. पाहुणा हसला म्हणून अध्यक्षही हसले. उपसंपादकांनी आपली सतरा नावांची यादी हळूच घडी करून मोज्यात घातली.

"तर, वाचन," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी दोरी सोडली. सगळी कार्डं एकसारखी कापलेली होती. त्यांत मधूनच एक बोटभर लांब बाहेर आलेलं होतं. कुणाचाही हात जावा तिथेच त्यांचा हात गेला. त्यांनी ते ओढून काढलं.

मावशी अर्धं पाऊल पुढे सरकली. तिने गुरुजींकडे पाहिलं. या वेळी गुरुजी वायरीकडे बघत नव्हते. तिच्याकडेच बघत होते.

"हिकमती," अध्यक्षांनी वाचलं. "साधन हाताशी नसताना, आहे त्यातून मार्ग काढणारा किंवा काढणारी. उदाहरण." त्यांनी चष्मा सरकवला. "कपाट पडून सत्तेचाळिसावा खण फुटला, तेव्हा नवा कसा करावा यावर आम्ही विद्वान तीन दिवस चर्चा करीत होतो. चौथ्या दिवशी पाहतो तो किल्लीमावशीने उरलेल्या फळीचा खण करून, बसवून, पुसूनही ठेवलेला. त्याचे भोक जरा डावीकडे आहे. हुशारीचे सगळे शब्द मी त्याच खणात ठेवले, कारण त्यांना दुसरी योग्य जागा या कपाटात नव्हती."

मावशी आपल्या चपलांकडे बघत होती. अकरा वर्षं ती त्या वाकड्या भोकासमोर उभी राहून ते झाकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"वा," एक पाहुणे म्हणाले. "याच त्या बाई का?"

"याच, याच. आमच्याच," अध्यक्षांनी घाईने सांगितलं. किल्ली उचलून त्यांनी स्वतः तिच्या हातात दिली. मग त्यांनी पुढची कार्डं चाळली. वर शब्द, खाली अर्थ, मग काहीच नाही. "पण गुरुजी, उदाहरण एवढ्या एकालाच? बाकी दोनशे नव्याण्णवांना का नाही?"

टंकलेखिकेने छताकडे पाहिलं. दिराने जमिनीकडे पाहिलं. उपसंपादकांनी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पाहिलं.

गुरुजी सावकाश उठले. उजवा हात त्यांनी पाठीमागे धरला होता.

"शोधलं, साहेब," ते म्हणाले. "बाकीच्यांना उदाहरण देण्यासारखं कुणी सापडलं नाही."

समारंभ संपल्यावर एकेक जण मावशीजवळ येऊन कानात पुटपुटून गेला. टंकलेखिकेला आपली पट्टी हवी होती. दिरालाही हवी होती. उपसंपादकांना तर आपल्यावर एकूण किती होत्या तेवढा आकडा तरी हवा होता. "जाळल्या," मावशीने सगळ्यांना सांगितलं.

ती बसमध्ये खिडकीपाशी बसली. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही हे पाहून तिने डब्याचं झाकण काढलं. आत दोनशे नव्याण्णव पट्ट्या दाबून भरलेल्या होत्या.

कार्ड वाचायचं नाही हा तिचा नियम होता. पट्ट्यांबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं. तिने वरची पट्टी उचलली, उजेडाकडे धरली आणि वाचता वाचता इतक्या मोठ्याने हसली, की पुढच्या बाकावरचे गृहस्थ वळून बघायला लागले.